पाच ग्रॅम को.

१

काटा शंभरावर होता आणि शंभरावरच राहिला.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. काचेच्या नळीत ग्रॅमभर फिकट पूड ठासलेली. नळीच्या एका तोंडातून विषारी वायू आत सोडलेला, धुरातला तोच वायू, जो बंद खोलीत झोपलेल्या माणसाला झोपेतच संपवतो. पूड खरी असेल तर दुसऱ्या तोंडातून तो निरुपद्रवी होऊन बाहेर पडायला हवा आणि काटा शून्यावर यायला हवा. गेल्या दोन वर्षांत तो चाळीस वेळा शून्यावर आला होता. पाहुणे परीक्षक समोर बसले, संचालक समोर बसले, आणि नेमका त्याच सोमवारी काटा रुसला.

"नळी गळते का?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही," दारात उभे असलेले भट्टीकाका म्हणाले. "सकाळी मीच तपासली."

त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. संस्थेत सत्तावीस वर्षं भट्टी सांभाळणारा, आठवीत शाळा सुटलेला माणूस. त्याने नळी जोडायची, भट्टी पेटवायची, आणि पदवीवाले बोलत असताना दारात उभं राहायचं. पदवी भिंतीला टांगता येते. हाताला टांगता येत नाही, ही गोष्ट त्या खोलीत फक्त काकांना ठाऊक होती आणि त्यांना विचारतो कोण?

"बाटली तीच ना?" संचालक.

"तीच. आपल्यासमोर कपाटातून काढली," मुलीचे मार्गदर्शक असलेले सर म्हणाले. "लेबल तिच्या हातचं. वजन केलं, लेबलाशी बरोबर. आता काय बोलणार? मुलगी माझ्या लेकीसारखी आहे हो. माझंच मन मोडलं."

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. परीक्षा चालू असताना उमेदवाराने आत यायचं नाही, असा नियम. सगळे तिला चिमटी म्हणायचे, कारण कुठलीही पूड ती आधी चिमटीत घेऊन बोटांत चोळून बघायची. सहा वर्षं तिने एकाच पदार्थाला दिली होती. झिओलाइट नावाची पांढरी पूड, जिच्या प्रत्येक कणात डोळ्याला न दिसणाऱ्या हजारो रिकाम्या खोल्या असतात. त्या खोल्यांत तिने सोन्याचे इतके बारीक कण बसवले होते की सोनं सोन्यासारखं पिवळं दिसायचंच बंद झालं होतं. ते बसलं की विषारी वायू थंडीतसुद्धा मरतो. आग विझवणाऱ्यांच्या, खाणीत उतरणाऱ्यांच्या मुखवट्यात घालायला हवी अशी वस्तू.

तिला आत बोलावलं. संचालकांनी एक कागद पुढे सरकवला.

"शुक्रवारी समितीची बैठक आहे. तोवर यावर सही करा. 'माझे निष्कर्ष पुन्हा सिद्ध होऊ शकले नाहीत, मी प्रबंध मागे घेते.' सही केलीत तर इथेच मिटेल. नाही केलीत तर चौकशी, आणि मग खोटे आकडे दिल्याचा शिक्का. तो कुठेच पुसला जात नाही."

चिमटीने कागद वाचला. घडी घातली. एवढंच विचारलं, "वजन केलं होतं?"

"केलं. बरोबर आलं," सर म्हणाले.

तिचा चेहरा पडला. काकांनी तो पडताना पाहिला.

२

परीक्षेनंतर नळ्या धुवायचं काम काकांचं. मोठी माणसं चहाला जातात, नळी मागे राहते. काकांनी पूड कागदावर झटकली. टाकणार तोच खिडकीतून उन्हाची तिरीप कागदावर पडली आणि त्यांचा हात थांबला.

खिशातलं भिंग काढलं. नंतर चिमटीला हाक मारली.

"बघ."

तिने भिंगातून पाहिलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. कागदावरचे काही कण गडद जांभळे होते, काही पांढरेशुभ्र. मिठात बुक्का मिसळावा तसं.

"माझ्या पुडीतला प्रत्येक कण एकाच रंगाचा असतो," ती म्हणाली. "फिकट, जरा जांभळी झाक. ही तर भेसळ आहे. जांभळं म्हणजे बिघडलेला माल. सोन्याचे कण एकमेकांना चिकटून मोठे झाले की असं होतं."

"बिघडलेला माल कुठे असतो?"

"तुमच्याच मांडणीवरच्या बरणीत. सोनं परत काढायला ठेवतो आपण."

"म्हणजे कुणीतरी बरणीतलं जांभळं घेतलं, कोरं पांढरं झिओलाइट मिसळलं, तुझा रंग जुळवला आणि बाटलीत भरलं. तुझा माल उचलला. हे आत्ताच्या आत्ता संचालकांना दाखवू."

"नको काका!" तिने त्यांचा हात धरला. "दाखवलंत तर आजच फाशी. ते म्हणतील, भेसळ हिनेच केली. लेबल माझं, बरणी आमची. आज म्हणतायत चुकली. उद्या म्हणतील चोर आहे."

पोरगी बरोबर बोलत होती. पूड बदलली एवढ्याने भागणार नव्हतं. कुणी बदलली ते हवं होतं, आणि हातात चार दिवस होते.

त्यांनी भट्टीची वही उघडली. मागच्या शुक्रवारची नोंद त्यांच्याच अक्षरात होती: *चिमटी, शेवटचा माल. को. ५.०००. प्या. (शनि.) ५.९१.* ऊन लागलं की सोनं बिघडतं, म्हणून शनिवारी दुपारी बाटली काळ्या कागदात गुंडाळून कपाटात गेली. कपाटाच्या किल्ल्या पाच. चिमटीची, सरांची, शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या, रेडिओ म्हणतात त्या मुलाची, तळमजल्यावरच्या फोटोबाईंची.

पाचवी काकांच्या स्वतःच्या कमरेला.

३

रेडिओला रेडिओ म्हणायचे कारण तो बंद व्हायचा नाही. चिमटीबरोबरच त्याने काम सुरू केलं होतं. पुढच्या वर्षी संस्थेत एक जागा रिकामी होणार होती. एक जागा आणि माणसं दोन.

"काका, चौकशी करताय होय?" मंगळवारी काका टेबलापाशी येताच तो हसला. "करा करा. मला अटक करा म्हणजे निदान जेवण तरी वेळेवर मिळेल."

"शनिवारी कुठे होतास?"

"इथेच. संध्याकाळी सहापर्यंत. माझं झिओलाइट पीत बसलं होतं, त्याच्या उशाशी बसलो होतो. दारुड्याच्या बायकोसारखा."

या प्रयोगशाळेत हा विनोद रोजचा होता. झिओलाइट भट्टीतून कोरडं निघतं आणि उघडं ठेवलं की हवेतलं पाणी पिऊ लागतं. खोल्या रिकाम्या दिसल्या की पाणी बिनभाड्याचा भाडेकरू होऊन घुसतं. सोन्याने किती खोल्या अडवल्या हे कळायला इथे प्रत्येक माल दोनदा तोलायचे. एकदा भट्टीतून निघाल्यावर झाकण बंद ठेवून, आणि एकदा रात्रभर उघडा ठेवून, पोट भरल्यावर. पोट भरलं की थांबतं, मग एक थेंबही जास्त घेत नाही. याबाबतीत माणसापेक्षा शहाणं. 'प्यालेलं' हा शब्द रेडिओनेच पहिल्या वर्षी काढला होता आणि आता टेबलाटेबलावर तोच चालायचा.

"कपाट कुणी उघडलं?"

"फोटोबाईंनी. त्यांचे नमुने काढायला. आणि हो, सर आले होते. त्यांना बघून मी उठून उभाच राहिलो. सर आणि शनिवारी, आणि प्रयोगशाळेत! म्हणाले, सहज आलो, सोमवारची तयारी बघायला."

"मग?"

"मग मी घरी गेलो. सर होते मागे." रेडिओचा आवाज प्रथमच खाली आला. "काका, एक सांगू? तिचं वाटोळं झालं तर जागा मला मिळेल, हे मलाही कळतं. म्हणून सगळे माझ्याकडे बघतायत. पण तिने मला तीन वेळा बुडताना वर काढलंय. अशी जागा मिळाली तर मी त्या खुर्चीवर बसू कसा?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा, दोघंही याच आवाजात बोलतात. त्यामुळे त्यांनी काहीच ठरवलं नाही.

४

फोटोबाई तळमजल्यावर, अंधाऱ्या खोलीत. त्यांचं यंत्र सोन्याचा एकेक कण लाखपट मोठा करून त्याचा फोटो काढायचं. यंत्र महाग, फोटोबाई त्याहून. चिमटीने मागे तक्रार केली होती की फोटो धूसर येतात. तेव्हापासून दोघींत बोलणं बंद.

"आलात? माझाही नंबर लागला वाटतं!" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मी तिच्या पुडीला हात लावला नाही. हात लावायला वेळ कुठे आहे? ही रांग बघा."

खिडकीच्या फळीवर बाटल्यांची ओळ होती. प्रत्येकीखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, आणि 'को.' की 'प्या.' यावर गोल.

"हे का विचारता?" काकांनी विचारलं.

"प्यालेला नमुना यंत्रात घातला तर आत पाणी सोडतो. यंत्र आठवडाभर खोकतं. म्हणून मी लिहून घेते. लिहीत नाहीत त्यांचा नमुना मी आधी वाळवते." त्या कुरकुरल्या. "आता तर सरांनीही काल सकाळी परीक्षेआधी स्वतः आणून दिली बाटली. चिठ्ठीवर गोलच नाही. विचारलं, को. की प्या.? तर म्हणे, 'तुम्हाला हवं ते लिहा.' वीस वर्षांत पहिल्यांदा या खोलीत आले, आणि सांगतात, घाई आहे. म्हटलं, घाई सगळ्यांनाच आहे. शुक्रवारी दुपारी नंबर."

काका मान डोलावून जिना चढले.

सरांच्या खोलीत गालिचा होता. भिंतीवर मानपत्रं. टेबलावर एकही डाग नव्हता, आणि रसायनशास्त्रज्ञाचं टेबल म्हटलं तर ही जरा लाजेचीच गोष्ट होती.

"बसा, भट्टीकाका, बसा. तुम्ही तिला समजवा. तुमचं ऐकते ती."

"काय समजवू?"

"सही कर म्हणावं. मी आहे ना पाठीशी. सहा महिने जातील, लोक विसरतील. दुसरा विषय घेईल."

"आणि हा विषय?"

"हा..." सरांनी हात हवेत फिरवला. "हा विषय बघू. कुणीतरी पुढे नेईल."

काका उठले. दारापाशी पोचून डोकं खाजवत म्हणाले, "सर, एक अडाण्याचा प्रश्न. तिच्या लेबलावर आकड्यापुढे 'को.' असं लिहिलंय. ते काय हो?"

सर प्रेमाने हसले. अडाण्याकडे पाहून शहाणा माणूस जसा हसतो तसे.

"कोठी असणार. कोठीतून घेतलेला माल. मुलं काहीही लिहितात."

"असं होय," काका म्हणाले.

५

बुधवारी त्यांनी तराजूची खोली गाठली. तराजू प्रत्येक वजनाची पट्टी छापतो आणि ती पट्टी खिळ्याला लटकत राहते. सोमवारची पट्टी सापडली: ५.०००. लेबलावर ५.०००. पट्टीवर ५.०००. संचालकांच्या अहवालात 'वजन बरोबर'.

काकांनी सुस्कारा सोडला. इथेही काही नाही. पट्टी खिशात ठेवली.

संध्याकाळी घरी काकू भाजी निवडत बसल्या होत्या.

"तोंड का एवढंसं झालंय?"

काकांनी सगळं सांगितलं. काकूंना झिओलाइटचं झ कळत नव्हतं, पण चोर कळत होता.

"वजन किती आलं म्हणालात?"

"बरोबर."

"बरोबर म्हणजे किती?"

"अगं, पाच. पाच पूर्णांक शून्य शून्य शून्य. लेबलावर होतं तेवढंच, केसाचाही फरक नाही."

"मग त्यातच घोळ आहे," काकू शेंग मोडत म्हणाल्या. "आपल्या वाण्याची साखर घरी येऊन कधी तंतोतंत भरलीय? थोडी कमी, थोडी जास्त. तंतोतंत कधी भरते? कुणीतरी लेबल समोर ठेवून मोजून भरली असेल तेव्हा."

काकांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"काय झालं?"

"मी गाढव आहे," काका म्हणाले.

"ते जुनं झालं. आज नवीन काय?"

काका चपला घालायला लागले, मग घड्याळ पाहून थांबले. संस्था बंद झाली होती. त्यांनी पट्टी दिव्याखाली धरली. तो आकडा दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर नाचत होता. त्यांनी स्वतः वहीत लिहिलेला दुसरा आकडा त्यांच्याच डोक्यात होता. आणि दोन्ही एकमेकांना भेटले नव्हते, कारण कुणीतरी मोठ्या खुर्चीवरून 'बरोबर' म्हटलं होतं. खुर्चीवरून आलेला शब्द कानात गेला की डोळे बंद होतात. काकांना सरांपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला.

६

गुरुवारी सकाळी फोटोबाई कुलूप उघडत होत्या, तेव्हा काका जिन्यात उभेच होते.

"बाई, सरांची बाटली यंत्रावर लावली?"

"उद्या नंबर आहे, सांगितलं ना."

"लावू नका. हातही लावू नका. आत चला, मला दुरून दाखवा."

फळीवर, थेट उन्हात, साधी पांढऱ्या काचेची बाटली होती. चिठ्ठीवर सरांचं नाव, खाली 'नवीन पदार्थ, क्रमांक एक'. को. नाही, प्या. नाही.

आतली पूड पाहून फोटोबाई म्हणाल्या, "अगं बाई. सोमवारी ही एवढी जांभळी नव्हती."

काकांनी डोळे मिटले. नको होतं तेच झालं होतं.

"बाई," ते म्हणाले, "उद्या समितीसमोर याल? ही बाटली तुमच्याच हातांनी घेऊन?"

"ती माझ्याशी बोलत नाही."

"बोलू नका. नुसती बाटली आणा."

फोटोबाईंनी चष्मा खाली ओढला. बाटलीकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"आणते," त्या म्हणाल्या. "आणि आणताना बोलेनही."

७

समितीच्या टेबलावर संचालक, परीक्षक, सर. समोर चिमटी, पुढ्यात तो कागद आणि वर पेन. रेडिओ आणि फोटोबाई भिंतीशी.

काका आत आले ते एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात बंद डबी घेऊन.

"हे काय?" संचालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"साधं पांढरं झिओलाइट. रात्रभर भट्टीत होतं, आत्ता गार केलं. माझं बोलणं होईपर्यंत तराजूवर राहू द्या, एवढीच विनंती."

त्यांनी डबीतली पूड पसरट ताटलीत ओतली. आकडा स्थिरावला: ५.०००. लगेच शेवटचा शून्य एक झाला.

"तराजू बिघडलाय," संचालक म्हणाले.

"तराजू ठीक आहे," परीक्षक हळूच म्हणाले. ते पुढे वाकले होते.

"साहेब, सोमवारी नळीत होती ती चिमटीची पूड नव्हतीच," काकांनी कागदाची पुडी उघडली, शेजारी भिंग ठेवलं. "बघा. जांभळं वेगळं, पांढरं वेगळं. भेसळ."

परीक्षकांनी पाहिलं, संचालकांनी पाहिलं. सर म्हणाले, "अरेरे. म्हणजे तिने भेसळ केली?" आवाजात खरोखर दुःख होतं. "बाळ, निदान मला तरी सांगायचंस."

चिमटीने पेनाकडे पाहिलंही नाही. ती काकांकडे पाहत होती.

"तेच विचारायला आलोय," काका म्हणाले. "सोमवारी वजन किती भरलं?"

"बरोबर भरलं."

"आकडा, सर. आकडा."

"पाच. लेबलाप्रमाणे."

"ही पट्टी. पाच पूर्णांक शून्य. आणि ही माझी वही. कोरडं वजन पाच. तेच लेबलावर. शनिवारी बाटली कपाटात गेली तेव्हा मात्र माल रात्रभर उघडा राहून पोटभर पाणी प्यालेला होता. प्यालेलं वजन पाच पूर्णांक एक्क्याण्णव. म्हणजे सोमवारी बाटलीत किती भरायला हवं होतं?"

तराजू बोलत होता. ५.२१४. ५.२१५.

"तिचा माल असता तर जवळजवळ सहा भरला असता," परीक्षक म्हणाले. "पाच भरला म्हणूनच तो तिचा नाही. आणि आम्ही म्हणालो, बरोबर."

"आता कुणी भरला ते बघू. किल्ल्या पाच. चिमटीने लेबल स्वतः लिहिलं, को. म्हणजे कोरडं हे तिला माहीत. ती फसवणार असती तर सहाच्या जवळ भरली असती. रेडिओने तर 'प्यालेलं' हा शब्दच काढला. फोटोबाई रोज बाटलीबाटलीला को. की प्या. विचारतात. मी वही लिहितो. आम्हा चौघांपैकी कुणीही चोर असतं तरी पाच ग्रॅम भरलं नसतं. पाच कोण भरेल? जो लेबल वाचतो आणि 'को.' म्हणजे कोठी समजतो."

सरांचा चेहरा हलला नाही. फक्त हात टेबलाखाली गेले.

"भट्टीकाका," ते म्हणाले, "झिओलाइट पाणी पितं हे मला शिकवताय? बावीस वर्षं मी पहिल्या तासाला हेच शिकवतो."

"शिकवता. मीच फळा पुसलाय कितीदा. पण शेवटचं हाताने कधी तोललंत? बरणीतलं जांभळं आणि कोठीतलं पांढरं, दोन्ही वर्षभर हवेत बसून प्यालेलं. ते तुम्ही पाच ग्रॅम मोजलंत, लेबलाशी जुळलं आणि सुटलो म्हणालात. ते पाणी पितं हे तुमच्या डोक्याला माहीत होतं, सर. हाताला माहीत नव्हतं."

"पुरावा काय याला?" सर उभे राहिले. "एका भट्टीवाल्याच्या वहीवरून माझं नाव घेता?"

"नाव तुमच्याच अक्षरात आहे," भिंतीपासून आवाज आला. फोटोबाई पुढे आल्या आणि बाटली चिठ्ठीसकट टेबलावर ठेवली. "सोमवारी सकाळी, परीक्षेच्या आधी. 'नवीन पदार्थ, क्रमांक एक.' फोटो कुणाच्या नावाने काढायचे होते, सर? आणि घाई कसली होती?"

काकांनी ताटली बाजूला केली. तिच्यावर आता ५.३८ होतं आणि अजून चढतच होतं. बाटलीतली पूड त्यांनी कोऱ्या ताटलीत झटकून तोलली.

५.९०.

"एक शतांश काचेला चिकटला," काका म्हणाले.

सर परत बसले. म्हणाले, "पुढच्या महिन्यात मुखवट्यांच्या कंपनीशी करार आहे. कागदावर दोन नावं होती. तिचं पहिलं." थोडं थांबून, "सहा महिन्यांनी मीच ते पुन्हा करून दाखवणार होतो. फुकट जाऊ देणार नव्हतो."

जणू काही हा त्यांचा मोठेपणाच होता.

चिमटीने मात्र यातलं काहीच ऐकलं नसावं. ती ताटलीपाशी गेली, थोडी पूड चिमटीत घेतली, बोटांत चोळली.

"मेलं," ती म्हणाली. "पांढऱ्या काचेत, उन्हात, चार दिवस. सोनं सगळं एकमेकांना चिकटलं. यातून आता काही होणार नाही." तिने सरांकडे पाहिलं. "काळा कागद होता हो बाटलीला. तो तरी घ्यायचात."

"म्हणजे दाखवायला आता मूळ मालही नाही," संचालक घाईने म्हणाले. त्यांना यातही सुटकेची फट दिसली. "मग तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर..."

"तांत्रिकदृष्ट्या मी पुन्हा करते," चिमटी म्हणाली. तिने तो सहीचा कागद उचलला, आपल्या बोटांवरची जांभळी पूड त्याला पुसली आणि कागद संचालकांपुढे सरकवला. "तीन आठवडे लागतात. परीक्षकांनी रोज येऊन बसावं. वजन माझ्यासमोर."

"येईन," परीक्षक म्हणाले. "आणि या वेळी दोन्ही वजनं विचारीन."

८

सरांना प्रकृतीच्या कारणावरून दीर्घ रजा मिळाली. प्रकृती ठणठणीत होती. आजारी संस्था होती, पण संस्थांना रजा नसते. संचालक संचालकच राहिले. अहवालात चोरी हा शब्द नाही, 'नमुन्यांची अदलाबदल' असा आहे, जणू बाटल्यांनीच आपसांत ठरवलं होतं. काकांनी अहवाल वाचला, एक शिवी दिली आणि भट्टी पेटवली.

चौथ्या सोमवारी काटा शंभरावरून निघाला. नव्वद, साठ, वीस. शून्यावर येऊन टेकला तेव्हा रेडिओ ओरडला, आणि फोटोबाई चिमटीला म्हणाल्या, "फोटो धूसर यायचे ते खरंच होतं. भिंग बदललंय मी." सहा महिन्यांतलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

उरलेला माल बाटलीत गेला. चिमटीने काळा कागद गुंडाळला, लेबल चिकटवलं आणि आकडा लिहिला.

"आता तरी पूर्ण शब्द लिही," काका म्हणाले. "कोरडं. म्हणजे घोळ नको."

चिमटीने क्षणभर विचार केला. मग लिहिलं: *५.००० को.*

"असू दे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी चोर लवकर सापडेल."